मसूरकरांचा शेला

“तिन्ही डाव्याच आहेत,” मी म्हटलं.

वामनकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावर ओळीने मांडलेल्या तीन खडावांकडे वाकून पाहिलं. एक नागपूरच्या मसूरकरांनी पाठवली होती, एक बडोद्याच्या आणि एक याच, कऱ्हाडच्या घरातली. तिन्ही घरांत दीडशे वर्षं तिची पूजा होत होती. तिन्ही घरांचं म्हणणं, मूळ पुरुष रामाजीपंतांनी देह ठेवला तेव्हा हीच त्यांच्या पायात होती.

“रामाजीपंत फार हिंडले,” काका म्हणाले. “डावी झिजत असेल जास्त. पुन्हा करून घेतली असेल.”

“दोनदा?”

“मोठी माणसं, दोनदाही करतील. तू लिही. मूळ पुरुषाच्या पादुका, एक जोड.”

“काका, तीन आहेत.”

“मग दीड जोड लिही.”

मी लिहिलं. नोंद क्रमांक सात.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात एका वस्तुसंग्रहालयात नोंदणी सहायक होते. आलेल्या वस्तूला नंबर द्यायचा, तिची लांबी-रुंदी घ्यायची, कुठून आली ते लिहायचं, एवढंच काम. मसूरकर घराण्याचं पहिलं कुलसंमेलन दिवाळीच्या सुट्टीत कऱ्हाडला भरणार होतं, तिथे घराण्याच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं होतं, आणि त्या वस्तूंची यादी स्मरणिकेत छापून एकशे चाळीस घरांत जाणार होती. त्या यादीसाठी वामनकाकांनी मला पत्र पाठवून बोलावलं. वामनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडून आमच्या घरी आलेलं हे पहिलं पत्र.

मी ते आईला वाचून दाखवलं. आई इचलकरंजीला साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिने मशीन थांबवलंही नाही.

“जा की,” ती म्हणाली. “सगळं नीट लिहून ये. म्हणजे पुढच्या वेळी काही हरवलं तर त्यांना शोधायला बरं पडेल.”

हरवला होता तो शेला. रामाजीपंतांना सातारच्या दरबारातून मिळालेला, जांभळा, दोन्ही पदरांना वीतभर जर असलेला. दर दसऱ्याला ट्रंकेतून निघायचा, तलवारीशेजारी पाटावर बसायचा, हळदकुंकू घेऊन परत ट्रंकेत जायचा. एकाहत्तरच्या दसऱ्याला ट्रंक उघडली तर आत नुसत्या डांबराच्या गोळ्या. त्या श्रावणात आई माहेरी जाऊन आली होती, तिचं माहेर गरीब होतं आणि सुनांमध्ये ती धाकटी होती. एवढं पुरलं. पाच दिवसांनी बाबा तिला आणि दोन वर्षांच्या मला घेऊन इचलकरंजीला आले, सूतगिरणीत चिकटले आणि नव्वद साली वारले तोवर पुन्हा कऱ्हाडला गेले नाहीत. आमच्या घरी शेल्याचा विषय कधी निघाला नाही. मला तो चौदाव्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत कळला. वाढणाऱ्या बाईने शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “ही शेलेवालीची मुलगी,” आणि मला जिलेबी वाढली.

तेव्हा मी कऱ्हाडला गेले ती काही घराण्याच्या प्रेमाने नाही. मला ती ट्रंक बघायची होती.

वामनकाकांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या जकात खात्यात गेली. समोरचा माणूस मालाबद्दल खोटंच बोलतोय हे धरून ते तीस वर्षं चालले. घरच्या मालाबद्दल मात्र त्यांचा कोणावरही विश्वास बसायचा. बडोद्याहून एक हुक्का आला होता. रामाजीपंत निर्व्यसनी होते असं कुलवृत्तांतात आधीच छापून झालं होतं, म्हणून काकांनी मला सांगितलं, ‘औषधी वाफारा घेण्याचे यंत्र’. एका दुर्बिणीला पुढे सोड्याच्या बाटलीचं बूड बसवलेलं होतं. ‘दुर्बीण, दुरुस्त केलेली.’ तलवार खरी होती, पण म्यानातून निघत नव्हती. काकांनी आणि मी दोन्हीकडून ओढून पाहिली.

“शत्रूपुढे निघायची,” काका म्हणाले.

गोदूकाकू, म्हणजे काकांची बायको, या सगळ्यात चहा आणून ठेवायची, वस्तूंकडे एक नजर टाकायची आणि निघून जायची. साठीची, बुटकी, कायम पदर खोचलेली. माझ्याशी ती गरजेपुरतं बोलायची, पण ताटात वाढताना हात सैल सोडायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, शिष्ट आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, मला घाबरते. पण सत्तावीस वर्षांच्या पोरीला ही बाई कशाला घाबरेल, ते काही कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी कपाटातून एक खाकी कागदाचं पुडकं काढलं.

“ही शेवटची वस्तू,” ते म्हणाले. “चाळीस नंबर.”

आत शेला होता. जांभळा. दोन्ही पदरांना जर. मी तो उलगडला, आणि आमच्या खात्याच्या सवयीने आधी कड उलटून पाहिली. आतल्या बाजूला काळ्या शाईचा शिक्का होता: कपडेपट, ११२. शेजारी गुलाबी रंगाचे दोन डाग. नाकाशी धरला तर पावडरचा वास.

“काका, हा नाटकाचा आहे.”

“कोल्हापुरातून आणलाय. संमेलनापुरता, भाड्याने,” काका शांतपणे म्हणाले. “लांबून ओळखू येत नाही. काचेत ठेवायचा आहे. आणि चिठ्ठी मी केलेय, तू फक्त सुवाच्य अक्षरात लिही.”

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: ‘दरबारी शेला. मध्यंतरी धाकट्या शाखेकडे गेलेला हा वारसा त्या शाखेने या संमेलनानिमित्त मोठ्या मनाने परत केला आहे.’

मी दोनदा वाचलं.

“धाकटी शाखा म्हणजे आई?”

“तू आणि प्रमिला. अगं, यात तुमचाच मान आहे. सगळ्यांना माहीतच आहे ना काय झालं ते? आता परत केला म्हटल्यावर विषय मिटला. पुढे कोणी बोट दाखवणार नाही.”

“जे नेलंच नाही ते परत कसं करायचं?”

“नीला, शेला गेला. घरातनंच गेला. कुलूप फोडलेलं नव्हतं. मी तीस वर्षं जकातीत काढलीत, मला शिकवू नकोस. मुकुंद काही न बोलता बायकोला घेऊन निघून गेला, याचा अर्थ काय होतो? तरी मी मन मोठं करतोय.”

“तुम्ही माझ्या आईला एकशे चाळीस घरांत छापून चोर ठरवताय. तेही भाड्याच्या कापडावर.”

“आवाज खाली.”

“नाही लिहिणार मी. आणि तुम्ही हे छापलंत तर संमेलनाच्या दिवशी मंडपात उभी राहून कपडेपटाचा शिक्का सगळ्यांना दाखवीन.”

“कोण ऐकेल तुझं? शेलेवालीची मुलगी म्हणतील!”

ते बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच काहीसं झालं असावं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला. मी वह्या आवरल्या, वर जाऊन पिशवी भरली. चारची एसटी होती. जिना उतरले तर गोदूकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“निघालीस?”

“हो.”

“माझी भांडी तेवढी लिहून जा.”

“काकू, भांडी यादीत नाहीत.”

“का? तीन डाव्या खडावा चालतात, माझी पातेली नाही चालत? बस इथे.”

तिचा आवाज काही वेगळाच होता. मी पिशवी खाली ठेवली आणि वही उघडली.

तिने एकेक भांडं उतरवायला सुरुवात केली आणि मी त्यावरचं नाव वाचायला. पितळेची परात: ‘चि. वामन यांचे मुंजीप्रीत्यर्थ, आत्याकडून’. तांब्या: ‘कै. ती. अण्णा यांचे स्मरणार्थ’. स्टीलचं पातेलं: ‘चि. मुकुंद व चि. सौ. कां. प्रमिला यांचे विवाहाप्रीत्यर्थ’. ते बाबांचं पातेलं होतं. पंचवीस वर्षं इथे डाळ शिजवत होतं. घंगाळ सासऱ्यांच्या नावाचं, समया सासूबाईंच्या, पोळ्यांचा डबा कुणा मावससासूच्या स्मरणार्थ.

“दिसतंय का तुला काही?” काकूने विचारलं.

“काय?”

“अठ्ठावन्न साली लग्न होऊन आले मी या घरात. माझं नाव दिसलं कुठे?”

नव्हतं. ती स्टुलावर चढली, माळ्यावर हात घातला आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक मोठं गाठोडं खाली ओढलं. मी धरायला गेले तर म्हणाली, “राहू दे, मला सवय आहे.” गाठ सुटली. आत वीस किलो तांदूळ मावेल असा स्टीलचा डबा होता. घट्ट झाकणाचा. कधी वापरलेलाच नव्हता, त्यात माझा चेहरा स्पष्ट दिसत होता. बाजूवर ठोकलेली अक्षरं मी वाचली: ‘सौ. गोदावरी वा. मसूरकर, ३-५-७१’.

“कोणी दिला?” मी सवयीने विचारलं. हा प्रश्न मी वस्तूगणिक विचारायचेच.

“बोहारणीने.”

मी मान वर केली. काकू माझ्याकडे बघत नव्हती, डब्यावरची धूळ पदराने पुसत होती. धूळ मुळी नव्हतीच.

“जुन्या कपड्यांवर एवढा मोठा डबा?”

“जर खरी होती,” ती म्हणाली. “तिने काडी लावून बघितली एका धाग्याला. तासभर घासाघीस केली मी. वर एक उलथनं मागितलं, ते नाही दिलं मेलीने.”



“तुम्हाला माहीत नव्हतं तो शेला आहे म्हणून?”

“न माहीत असायला काय झालं? ट्रंक ऊन दाखवायला काढली होती. शेल्याला कसर लागलेली. मधे अशी भोकं पडलेली की हात आरपार जाईल. दसऱ्याला घडी घालून ठेवायचे, म्हणून कुणाला दिसायची नाहीत. मी म्हटलं, हा मेला रामाजीपंत माझा कोण? त्याला कशाबद्दल दिला तेही कुणाला धड सांगता येत नाही. तेवढ्यात खाली बोहारीण ओरडली.” ती डब्याच्या झाकणावर हात फिरवत राहिली. “नाव घालणारा बाजारात बसायचा. त्याने विचारलं, कुणाकडून लिहू? मी म्हटलं, कुणाकडून नाही. नुसतं माझं लिही.”

“आणि दसऱ्याला?”

“दसऱ्याला मी तोंड उघडलं होतं. खरं सांगते. तेवढ्यात हे म्हणाले, ‘प्रमिला श्रावणात तिची ट्रंक घेऊन माहेरी गेली होती.’ मी तोंड मिटलं. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, ह्यांचा राग उतरला की सांगू. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. तू माझ्याच कडेवर होतीस. माझ्याच कडेवरून घेतली तुला प्रमिलाने.” तिने नाक ओढलं. “मग त्या डब्यात तांदूळ घालवेनात. चणे घालून बघितले, तेही काढले.”

मला राग येत होता, पण तो नेमका कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. समोर एक बुटकी म्हातारी आणि एक कोरा डबा.

“आता का सांगताय?”

“आत्ता बाहेर त्यांनी तुला जे म्हटलं ते मला ऐकू आलं. आईला म्हटलं तेव्हा गप्प बसले. आता मुलीलाही म्हणायला लागले. आणखी किती पिढ्या गप्प बसू?” मग ती एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, “एकेचाळीस नंबर दे याला. चिठ्ठी सुवाच्य लिही. वाचून मी दाखवीन.”

चारची एसटी गेली. मी राहिले. काकांना आम्ही दोघींनी काहीच सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की शेल्याची चिठ्ठी प्रदर्शनातच लावू, स्मरणिकेत नको, छपाईला उशीर होईल. त्यांना वाटलं मी नमले. जेवताना त्यांनी मला आग्रहाने आंबावडी दिली.

संमेलन एका मंगल कार्यालयात भरलं. दोनशेच्या वर मसूरकर, सगळ्यांची नाकं सारखी. सकाळी दीपप्रज्वलन, मग वामनकाकांचं प्रास्ताविक, मग नागपूरचे दत्तोपंत बोलले. त्यांच्या घरचा रामाजीपंतांचा अंगरखा कसा पुरात वाहून गेला, हे सांगताना ते दोनदा पाणी प्यायले. कार्यक्रमपत्रिकेत जेवणाआधी ‘महिलांचे मनोगत, दोन मिनिटे’ असं होतं. गोदूकाकू उठली. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून व्यासपीठावर चढली. काही जणांना वाटलं, लाडू वाटतायत.

“मी सौ. गोदावरी वामन मसूरकर,” ती माइकमध्ये म्हणाली. माइक उंच होता, टाचा उंचावून बोलत होती. “त्या काचेत जो शेला ठेवलाय तो नाटकाचा आहे. आपला शेला मी एकाहत्तर साली बोहारणीला दिला आणि हा डबा घेतला. प्रमिलाने घेतला नव्हता. तिला सगळ्यांनी चोर म्हटलं तेव्हा मी तिथेच उभी होते, आणि मला तोंड होतं. एवढंच मनोगत.”

वामनकाका खुर्चीत इतके ताठ बसले होते की मला भीती वाटली. मग तिसऱ्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला. दत्तोपंतांच्या बायकोचा.

“एवढा मोठा डबा मिळाला? मला आमच्या अंगरख्यावर नुसती दोन पातेली दिली हो!”

दत्तोपंत हळूहळू मान वळवून बायकोकडे बघायला लागले. मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं, मग बायकांची सगळी बाजू हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळे पुसत. पुरुष एकमेकांची तोंडं बघत होते. बडोद्याच्या एका सुनेने तर उठून आपल्या सासूला मोठ्याने विचारलं, “आई, आपली पगडी नक्की चोरीलाच गेली ना?” सासू म्हणाली, “जेवायची वेळ झाली.”

काकू हसली नाही. ती खाली उतरली आणि माझ्याशेजारी बसली.

जेवणं उरकल्यावर मंडप रिकामा झाला, तेव्हा वामनकाका प्रदर्शनाच्या टेबलापाशी एकटेच उभे होते. त्यांनी काचेतून शेला काढला, नीट घडी घातली, पुडक्यात बांधला. परत करायचा होता.

“नीला,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाक्यावर मी गाडीवाल्याचा चेहरा बघून सांगायचो, पोत्यात काय आहे ते.”

“हो काका.”

“घरात कुणाचा चेहरा बघायचं डोक्यात आलं नाही.” सुतळीची गाठ त्यांना बसेना. मी बोट ठेवलं, मग बसली. “तुझ्या आईला काय म्हणू मी?”

“ते मला विचारू नका.”

“तुम्ही नंतर,” मागून काकू म्हणाली. “आधी मी जाणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी इचलकरंजीला निघालो. स्टँडवरून रिक्षा केली. आमच्या चाळीसमोर रिक्षा थांबली तशी काकूने माझं मनगट धरलं.

“तू आधी वर जाऊन सांग. तिने शिव्या दिल्या तर मला खाली ऐकू येतीलच. मग ठरवते यायचं की नाही.”

मी वर गेले. आई मशीनवर होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं: नाटकाचा शेला, माळ्यावरचं गाठोडं, मंडप, माझ्याबरोबर आलेली काकू. आईने पहिल्या दोन वाक्यांनंतर मशीन थांबवलं होतं. सांगून झाल्यावर तिने सुईखालची साडी सोडवून मांडीवर घेतली. मला वाटलं रडेल. तिने विचारलं ते भलतंच.

“म्हणजे ह्यांनी नव्हता घेतला?”

“कोणी? बाबांनी?”

“मला वाटायचं ह्यांनीच नेला. त्यांना नाटकाचा नाद होता ना कऱ्हाडला असताना. शेल्याला तर ते कायम नावं ठेवायचे. मला वाटलं, कुठल्यातरी प्रयोगाला नेला आणि हरवून आले. म्हणून तर मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं, माझ्यावर येतंय तर येऊ दे. त्यांचं नाव तरी राहील भावाजवळ.”

“तू त्यांना विचारलं नाहीस?”

“विचारून काय करायचं? ते तरी मला कुठे काही विचारत होते? मला वाटे, घेतलाय म्हणूनच विचारत नाहीत.” ती थांबली. तिची नजर समोरच्या भिंतीवर, पण ती भिंत बघत नव्हती. “दवाखान्यात होते ना शेवटी, तेव्हा एके सकाळी माझा हात धरून म्हणाले, ‘प्रमिला, तो शेला... जाऊ दे. मी कधी विचारलं नाही आणि मनात काही ठेवलंही नाही.’ मला वाटलं, आता कबूल करतायत. मी म्हटलं, ‘जाऊ दे हो, मीही माफ केलं तुम्हाला.’ तेव्हा ते असे चमकून बघत राहिले माझ्याकडे! मला वाटलं, ताप चढला.”

तिने तोंडावर हात धरला. खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, आणि तिलाही कळत नसावं.

“एकोणीस वर्षं,” ती म्हणाली, “एकोणीस वर्षं मी त्या माणसाला चोर समजून त्याच्याशी संसार केला, नीला. आणि तुला सांगते, तक्रार करायला जागा नव्हती.”

“आणि त्यांनी?”

“त्यांनीही तसाच केला असणार.” तिने डोळे पुसले, मांडीवरची साडी बाजूला ठेवली. “अक्का कुठेय?”

“खाली रिक्षात. घाबरलेय.”

“इतका वेळ उन्हात बसवून ठेवलीस म्हातारीला?”

आई उठली, तरातरा गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून ओरडली. शेजारपाजारची दारं उघडली.

“अक्का, वर या! पंचवीस वर्षांचं भांडण आहे, रस्त्यावर नाही करायचं मला!”